२८ डिग्रीत वाढलेल्या डायव्हरने थंड पाण्यासाठी अंग कसं तयार करायचं

गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला नऊ सीझन झाले मी डाइव्ह लीड करतोय, ऑक्टोबर ते मे, दिवसाला दोन-तीन डाइव्ह, गर्दी असली की चार, त्यामुळे मला वाटायचं की पाण्याची सवय आपल्याला आता कोणी शिकवायला नको. मग दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये स्विंडनला मामेभावाकडे गेलो (आपली गोव्याची केवढी माणसं तिकडे आहेत ते तुम्हाला माहीतच आहे) आणि तिथून एका जुन्या दगडाच्या खाणीत डाइव्हला गेलो. तिकडे अशा पाणी भरलेल्या खाणी बऱ्याच आहेत, ट्रेनिंगसाठीच वापरतात. पाणी होतं ८ डिग्री. सात मिलिमीटरचा सूट, हुड, हातमोजे, सगळं अंगावर होतं. मानेतून पाण्याची एक बारीक धार आत पाठीवर उतरली आणि छाती अशी आवळली की रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा देणारं तोंडातलं यंत्र) हवा येतेय की नाही तेच कळेना. येत होती, पण मी आत ओढतच होतो, बाहेर सोडतच नव्हतो. सहा मीटरवर सहा मिनिटांत सिलिंडरमधली ४० बार (दाबाचं माप) हवा संपली, तेवढ्या हवेत ग्रँड आयलंडला माझी पंधरा मिनिटं आरामात निघतात. सोबतच्या माणसाने माझे डोळे बघितले, अंगठा वर केला (आमच्यात त्याचा अर्थ ‘वर चल’) आणि आम्ही बाहेर आलो.

त्यानंतर मी यावर जेवढं मिळेल तेवढं वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि पुढच्या पावसाळ्यात घरीच तयारी केली, आणि परत त्याच खाणीत गेलो तेव्हा अर्धा तास शांतपणे डाइव्ह केली. आपल्याकडची बरीच मुलं आता मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांवर, बंदरांच्या कामावर थंड देशांत जातात, सगळी गोव्याच्या नाहीतर मालवणच्या गरम पाण्यात शिकलेली, त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण तिथे पोचल्यावर कोणी सहा दिवस थांबून तुमची सवय करून देत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. थंड पाण्याची सवय होते म्हणजे शरीर गरम राहायला शिकतं असं बहुतेकांना वाटतं. तसं फार थोडं होतं. आधी आणि सगळ्यात जास्त बदलतो तो श्वास. थंड पाणी कातडीला अचानक लागलं की मोठा उसासा आत ओढला जातो, मग धाप लागते, हृदय धडधडतं, बीपी वर जातं, याला कोल्ड शॉक म्हणतात. साधारण पहिल्या अर्ध्या मिनिटात तो शिखरावर असतो आणि दोन-तीन मिनिटांत उतरतो. थंड पाण्यात पडलेली बरीच माणसं गारठून मरायच्या खूप आधी इथेच बुडतात, कारण तो पहिला उसासा तोंड पाण्याखाली असताना आला तर हवेऐवजी पाणी आत जातं. कॅनडाचे प्राध्यापक गॉर्डन गिझब्रेख्ट यांनी १-१०-१ असा हिशोब लोकप्रिय केलाय, बर्फासारख्या पाण्यात पडलात तर श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात अशी साधारण १० मिनिटं, आणि थंडीने शुद्ध जायला जवळजवळ १ तास. सूट घातलेल्या डायव्हरला ही वेळ अर्थातच वाढून मिळते, पण क्रम तोच, आधी श्वास, मग हात, मग शरीराच्या आतलं तापमान.

आणि आनंदाची गोष्ट अशी की श्वासाची सवय फार पटकन लागते. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिप्टन आणि त्यांच्या सोबतच्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं थंड पाण्यात बसलं की हा धक्का जवळजवळ अर्ध्यावर येतो. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो, त्यात लोकांच्या फक्त उजव्या अंगाला थंड पाण्याची सवय लावली आणि नंतर डाव्या अंगाला थंड पाणी लावून बघितलं, तर तिकडचा धक्काही कमी झालेला. म्हणजे कातडी जाड होत नाही, मेंदू शिकतो. म्हणूनच नऊ सीझन पाण्यात काढूनही मला काही फायदा झाला नव्हता, माझ्या मेंदूने २८ डिग्रीच्या खाली काही बघितलंच नव्हतं. अगदीच नाही असं नाही म्हणा, आपल्याकडे सीझनच्या सुरुवातीला खालचं गार पाणी किनाऱ्याकडे वर आलेलं असतं, ऑक्टोबरात तळाजवळ गेलं की एकदम गार थर लागतो आणि पाहुणे हाताने खुणा करून थंडी वाजते म्हणतात, पण तो थर आणि ८ डिग्री यांची काही तुलना नाही.

आता कोणी हे करू नये ते सांगतो आणि इथे कृपा करून घाई करू नका. बीपी जास्त आहे, हृदयाचे ठोके चुकतात, कधी उगाच चक्कर येऊन पडला आहात, फिट येते, दमा आहे, गार पाण्याने अंगावर शीतपित्ताच्या गांधी उठतात, थंडीत बोटं पांढरीफटक पडतात, पोटात बाळ आहे, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय टबात पाय टाकू नका. चाळिशी ओलांडली असेल तर ईसीजी काढून घ्याच. मी काढला होता, तीस-पस्तिशीतल्यांनाही तेच सांगतो.

वेळ पावसाळ्याची निवडा. जूनपासून बोटी बंद, डाइव्ह शॉपना कुलूप, हातात वेळच वेळ. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असल्यामुळे ट्रॉलरवाल्यांचे मासळी ठेवायचे ते जाड भिंतींचे इन्सुलेटेड टब रिकामे पडलेले असतात, ओळखीच्या तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) विचारलं तर सहज मिळतो. आधी मी निळं पिंप वापरणार होतो पण नको, उभ्या पिंपातून गारठलेल्या माणसाला बाहेर निघता येत नाही आणि दुसऱ्याला त्याला ओढून काढताही येत नाही. आडवा टब घ्या, ज्यातून नुसतं उठून उभं राहिलं की बाहेर. दोनदा साबणाने, एकदा लिंबाच्या सालींनी घासा, बांगड्याचा वास तरी थोडा राहतोच, त्याची सवय करून घ्या.

बर्फाचा हिशोब असा. नळाचं पाणी साधारण २७ डिग्री धरलं तर २०० लिटर पाणी १५ डिग्रीवर आणायला जवळपास २५ किलो बर्फ लागतो, आणि २० डिग्रीवरच थांबायचं असेल तर १४ किलो पुरतो. बर्फ गोणपाटात घालून लाकडी दांड्याने फोडायचा, पाण्यात टाकून हलवत राहायचं, आणि सगळा विरघळला की मगच बसायचं, खडे अंगाला लागले तर तेवढ्याच जागी कातडी बधिर होते. माशांच्या टाकीसाठी मिळतो तो साधा थर्मामीटर पुरेसा आहे पण तो हवाच, हाताला काय वाटतं यावर जाऊ नका. जाड टब असल्यामुळे दुसऱ्या दिवशी पाणी पूर्ण गरम झालेलं नसतं, त्यामुळे बर्फ कमी लागतो. १५ पेक्षा खाली जायची हौस करू नका, १५ मध्ये लागलेली सवय १० मध्येही बऱ्याच अंशी उपयोगी पडते, आणि १० मध्ये एकट्यादुकट्याने घरी जे होऊ शकतं ते नको.

एकट्याने करायचं नाही. परत लिहितो, एकट्याने करायचं नाही. एक माणूस टबाला हात लावून उभा पाहिजे, त्याच्याकडे घड्याळ, आणि त्याने हात पुढे केला की वाद न घालता बाहेर यायचं हे आधी ठरवून ठेवा. माझ्यासोबत बोटीवरचा हेल्पर असायचा, तेवीस वर्षांचा मुलगा, नंतर त्यानेही केलं.

पहिल्या दिवशी २० डिग्री, फक्त ओळख म्हणून. दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस १५ डिग्री, रोज तीन मिनिटं. पाय आधी, मग कंबर, मग बसत छातीपर्यंत, खांदे शेवटी, डोकं आणि चेहरा कोरडा. उडी मारू नका, कातडीचं तापमान जितकं झटकन पडतं तितका धक्का मोठा. आत जाताना तोंडाने लांब, बारीक श्वास सोडत जा, गरम चहावर फुंकर मारतो तसा, आणि आत यायचा श्वास आपोआप येऊ द्या, ओढू नका. श्वास रोखायचा नाही, आणि मुद्दाम भराभर श्वास घेऊन तयारीही करायची नाही, इंटरनेटवर ती फॅशन आहे, पाण्याच्या आसपास ती माणसाला बेशुद्ध पाडते.

त्या हेल्पर मुलाचा १५ डिग्रीतला पहिला दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. कंबरेपर्यंत हसत गेला. पाणी छातीच्या पिंजऱ्याला लागलं आणि त्याच्या तोंडातून दार करकरावं तसा आवाज आला, खांदे कानांपर्यंत वर गेले, दंडावर काटा, पोट आत खेचलेलं, आणि नजर कुठेतरी लांब. मी त्याला मोठ्याने म्हणत होतो, सोड, सोड, सोड. चाळीस सेकंदांनी खांदे खाली आले. दीड मिनिटाने तो बोलायला लागला. पाचव्या दिवशी तोच मुलगा त्याच पाण्यात बसून मला शिगमोत्सवातल्या रोमटामेळाची गोष्ट सांगत होता, आणि थर्मामीटर १५ च दाखवत होता, मी दोनदा बघितलं.

रोज वहीत एक आकडा लिहा, पहिल्या मिनिटातले श्वास. सोबतच्याने छाती बघून मोजायचे. माझे १५ डिग्रीत पहिल्या दिवशी ४१, तिसऱ्या दिवशी ३०, सहाव्या दिवशी २२. तुमचे वेगळे असतील, उतरतायत का तेवढं बघायचं. थंडी कमी वाजतेय का याची नोंद ठेवू नका, ती तुम्हाला फसवणार आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

चेहरा वेगळा शिकवायचा. याचं कारण असं की अंगाला थंड पाणी लागलं की हृदय धावायला लागतं, पण कपाळ-नाकाच्या भागाला लागलं की उलट हुकूम जातो, हृदय हळू कर. हा डायव्हिंग रिफ्लेक्स, सील-व्हेलला असतो तसा आपल्यालाही थोडा असतो. दोन्ही हुकूम एकदम गेले, त्यात श्वास रोखलेला असला, की काही लोकांत ठोके चुकतात. म्हणून टबात चेहरा घालायचाच नाही. सहा दिवस झाले की खुर्चीवर कोरडे बसा, समोर स्टुलावर घंगाळ, त्यात १५ डिग्रीचं पाणी, तोंडात स्नॉर्कल, मास्क नाही, आणि चेहरा पाण्यात ठेवून तोंडाने एक मिनिट शांत श्वास. पहिल्यांदा नाकातून पाणी ओढावंसं वाटतं, घसा बंद होतो, डोकं वर काढा, परत करा. बोटाला कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर लावला (कोरड्या, गरम हाताला, गार बोटावर तो चुकीचं दाखवतो) तर नाडी खाली उतरताना दिसते, माझी ७४ वरून ५८ वर जायची. हे चार-पाच दिवस केलंत की थंड पाण्यात मास्कमध्ये पाणी शिरल्यावर होणारी जी घाबरगुंडी आहे ती निम्मी संपते. मला विचाराल तर टबाइतकंच हे घंगाळ महत्त्वाचं आहे, आणि याला फक्त पाच किलो बर्फ लागतो.

आता हात. म्हापशाच्या मार्केटमध्ये मासळीवाल्या बाया बघा, सकाळपासून बर्फात हात, आणि तरी खवले काढतायत, सुट्टे मोजतायत, बोटं चालूच. कॅनडातल्या गास्पे भागातल्या मच्छीमारांवर जुना अभ्यास आहे, थंड पाण्यात रोज काम करणाऱ्यांचे हात गार पाण्यात इतरांपेक्षा जास्त गरम राहतात असं त्यात दिसलं होतं. बोटं खूप गार पडली की शरीर मधून मधून तिथल्या नसा उघडून गरम रक्त सोडतं, परत बंद करतं, परत उघडतं, थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये हे नोंदवलं. पण गरम प्रदेशात वाढलेल्या लोकांत हा प्रकार मुळात कमी असतो आणि तो यायला वर्षं लागतात, सहा दिवसांच्या टबाने तो येणार नाही. म्हणून हाताच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, सवयीवर विसंबायचं नाही, जाड हातमोजे घ्या आणि ते घालून इथेच गरम पाण्यात सराव करा. पाच मिलिमीटरचे हातमोजे घालून बेल्टचं बकल उघडणं, इन्फ्लेटरचं (जॅकेटमध्ये हवा भरायचं) बटण शोधणं, क्लिप लावणं, रील सोडणं, डोळे मिटून, प्रत्येक गोष्ट वीस वेळा. स्विमिंग पूलमधले लोक बघतील, बघू द्या.

आता मूळ मुद्दा, जो मला कोणी आधी सांगितला नव्हता. वारंवार थंड पाण्यात गेलं की हुडहुडी उशिरा भरायला लागते. ऐकायला बरं वाटतं ना, थंडी वाजत नाही म्हणजे सवय झाली. पण हुडहुडी म्हणजे स्नायूंनी चालवलेली शेगडी आहे. ती उशिरा पेटली तर आतलं तापमान तोवर खाली आलेलं असतं, आणि तुम्हाला मात्र छान वाटत असतं. सवय झालेला डायव्हर नव्यापेक्षा जास्त आरामात असतो आणि जास्त गार असतो. आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया. हे फक्त थंड देशातच होतं असंही नाही, पाणी हवेपेक्षा जवळजवळ २५ पट लवकर उष्णता ओढून नेतं आणि उघड्या अंगाने पाण्यात नुसतं पडून ऊब टिकायला ते ३३-३५ डिग्री असावं लागतं, म्हणजे आपल्या २८ च्या पाण्यातही आपण गार होतच असतो, हळूहळू. तिसऱ्या डाइव्हनंतर बोटीवर एप्रिलच्या उन्हात बसून टॉवेल गुंडाळावासा वाटतो तो त्यामुळेच. पाच-सहा दिवस सलग काम झालं की थकवा येतो, चिडचिड होते, ब्रीफिंगमध्ये वाक्य विसरायला होतं, आम्ही सगळे त्याला ऊन लागलं म्हणायचो.

मग शरीर खरोखर गरम राहायला शिकतच नाही का? शिकतं, पण त्याची किंमत बघा. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका, सिलिंडरशिवाय श्वास रोखून तळातून शिंपले, समुद्री वनस्पती काढतात, २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांची परंपरा वारसा यादीत घेतली. अशा कोरियन बायका १९७० च्या दशकापर्यंत नुसत्या सुती कपड्यांत, हिवाळ्यात १० डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात उतरायच्या. सुक की हाँग या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात त्यांना मोजलं, तर हिवाळ्यात बसल्या जागी त्यांचं शरीर नेहमीपेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त इंधन जाळत होतं, आणि कातडीखालून उष्णता बाहेर जाण्याचं प्रमाणही कमी झालेलं होतं. हे मिळवण्यासाठी त्या रोज शरीर ३५ डिग्रीपर्यंत गार होईस्तोवर काम करायच्या, मग दगडी आडोशात पेटवलेल्या शेकोटीभोवती बसायच्या, मग परत पाण्यात. तो आडोसा, बुलतोक म्हणतात त्याला, त्यांच्या कामाचाच भाग होता. मग १९७७ च्या आसपास वेटसूट आले. काही वर्षांतच, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, दोन्ही बदल गेले. पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या बायका त्याच, समुद्र तोच, पण कातडीला थंडी लागायची बंद झाली तसं शरीराने ते सोडून दिलं. म्हणजे चांगला सूट घालणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याला तो बदल मिळणारच नाही, आणि त्याची गरजही नाही. तो मिळावा म्हणून मुद्दाम पातळ सूट घालून जाणारे मला भेटलेत, त्यांना मी हेच सांगतो की हेन्यो बायकांनीसुद्धा संधी मिळताच वेटसूट घातला आणि पाण्यात जास्त वेळ काम करायला लागल्या.

आपल्या मराठी मुलांपैकी पुण्याचा रोहन मोरे आणि मुंबईचा प्रभात कोळी यांनी सातही मोठ्या खाड्या पोहून पार केल्या, ओशन्स सेव्हन म्हणतात ते, आणि त्यात वेटसूट चालत नाही. त्यांच्याकडे बघून कोणाला वाटेल की मग डायव्हरला का नको. पोहणारा सतत स्नायू चालवून उष्णता तयार करत असतो, सोबतच्या बोटीतून कोणीतरी त्याचे हात किती वेळा फिरतात ते मोजत असतं. आपण डायव्हर तळाशी हळू हलतो, हवा वाचवतो, आणि आपली थंडी कोणाला दिसत नाही.

म्हणून डाइव्हच्या दिवशी नियम ठरवून जा. वेळ घड्याळाने ठरवायची, थंडीने नाही. तुमच्या जोडीदारासोबत दर पाच मिनिटांनी अंगठा करंगळीला लावून दाखवायची खूण ठेवा, ज्याला ती जमली नाही त्याने डाइव्ह संपवायची, तक्रार नाही. क्लिप दोनदा सुटली, गेज वाचायला दोनदा बघावं लागलं, साधी खूण कळायला वेळ लागला, हुडहुडी सुरू झाली होती आणि आपोआप थांबली, यातलं काहीही झालं तर वर. शेवटचं सगळ्यात वाईट, थांबलेली हुडहुडी म्हणजे शेगडीतलं रॉकेल संपलं.

सूट खोलवर दबतो हे लक्षात असू द्या, निओप्रीनमधले हवेचे बुडबुडे आकसतात, ३० मीटरवर सात मिलिमीटर हा सात राहत नाही, निम्म्याच्या आसपास येतो, म्हणजे जिथे सगळ्यात गार तिथेच सगळ्यात पातळ. वजन जास्त लागतं, मी इथे तीन मिलिमीटरला ४ किलो लावतो, तिकडे गोड्या पाण्यात असूनही १० लागलं होतं, ते आधी काठावर तपासा. १० डिग्रीखालच्या पाण्यात आपल्याकडचा साधा रेग्युलेटर गोठून हवा सोडत सुटू शकतो, थंड पाण्यासाठीचा सीलबंद रेग्युलेटरच वापरा. आणि हुड घट्ट. एका कानात गार पाणी आधी शिरलं आणि दुसऱ्यात नंतर, तर काही सेकंद अख्खं जग गरगर फिरतं, तेव्हा काही धरून स्थिर राहायचं, जातं ते. वर्षानुवर्षं थंड पाणी कानात जात राहिलं तर कानाच्या नळीत हाड वाढून ती बारीक होते, सर्फर लोकांत दिसतं. ही पण शरीराची एक सवयच, नको असलेली.

पाणी प्या. पाण्याखाली गेलं की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, थंडीने अजूनच, मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालं आणि लघवी होत राहते, त्यामुळे बाहेर येईपर्यंत शरीर सुकलेलं असतं. लघवी नको म्हणून पाणी न पिणारे खूप बघितले, बेंड्सचा (वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा आजार) धोका आपणच वाढवतो. तसंच, तळाशी गरम आणि वर येताना गार हा क्रम वाईट. तळाशी रक्त फिरतं म्हणून नायट्रोजन भरपूर आत जातो, आणि वर येताना नसा आकसल्या की तो बाहेर पडायला वाट राहत नाही. अमेरिकन नौदलाने २००७ मध्ये यावरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात वर येताना डायव्हरला गरम ठेवल्याचा फायदा स्पष्ट दिसला. म्हणून तळाशी जोरात काम करून घामाघूम होऊ नका, वेळ राखून ठेवा, आणि सेफ्टी स्टॉपवर (वर येताना मध्ये थोडा वेळ थांबतो तिथे) पुतळ्यासारखे लटकू नका, पाय हळू हलवत राहा.

श्वास कोंडतोय, खोकला येतोय, थुंकीत गुलाबी फेस दिसतोय, असं झालं तर ती थंडीची धाप समजून थांबू नका, फुप्फुसात पाणी झिरपत असू शकतं. लगेच बाहेर, ऑक्सिजन, हॉस्पिटल.

बाहेर आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं शरीर अजून गार होतच असतं, कारण आतली उष्णता बाहेरच्या गार थरांकडे जातच राहते. ओला सूट काढा, अंग पुसा, लोकरी टोपी, कोरडे कपडे, वाऱ्याचा आडोसा, बसून गोड गरम चहा. टबानंतर आम्ही गरम पेज प्यायचो, वर लोणचं, त्याहून चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही. लगेच कडक गरम शॉवर नको, कातडीच्या नसा एकदम उघडतात, बीपी पडून माणूस बाथरूममध्ये कोसळू शकतो आणि डाइव्हनंतर बुडबुड्यांचाही धोका. आणि हुर्राक-फेणी नको. घोट घेतला की अंगात ऊब आल्यासारखं वाटतं हे खरं, पण ती ऊब आतली उष्णता कातडीकडे येऊन बाहेर जात असल्याची असते, आणि हुडहुडीही दबते. रात्री जेवणासोबत काय करायचं ते करा.

ही सवय किती टिकते, तर बरीच. टिप्टन यांच्या मंडळींना सात महिन्यांनीही ती बऱ्यापैकी दिसली आणि काही अंशी वर्ष उलटल्यावरसुद्धा. मी जाण्याआधीच्या पावसाळ्यात सहा दिवस पूर्ण करतो आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात दोन-तीन दिवस परत बसतो, तेव्हा पहिल्याच दिवशी पंचवीसच्या आसपास श्वास येतात, पुन्हा ४१ कधी आलेले नाहीत.

आणि टब जुलैच्या शेवटच्या आठवड्याआधी धुऊन परत पोचवा. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात, तांडेलाला तो बर्फ भरायला आदल्या दिवशीच हवा असतो, आणि पुढच्या वर्षी परत त्याच्याकडेच मागायचाय.